अमरत्वाच्या तारखा वाटणाऱ्या महाशयांस

महाशय,



तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारावी कळत नाही, कारण तुम्ही एकटे नाही. कधी तुम्ही शास्त्रज्ञ असता, कधी कंपनीचे संस्थापक, कधी भांडवल घालणारे, आणि अलीकडे तर बहुधा तीन-तीन तासांच्या पॉडकास्टमधले पाहुणे. धंदा मात्र सगळ्यांचा एकच. माणूस मरणाला कधी हरवणार, याची तुम्ही तारीख देता. ती उलटली की नवी देता. जुन्या तारखांचा हिशेब तुमच्याकडे कुणी मागत नाही. तो मागायला हे पत्र.

सुरुवात वार्धक्यावर मात करू पाहणारे संशोधक ऑब्री द ग्रे यांच्यापासून करते. हजार वर्षं जगणारा पहिला माणूस कदाचित आजच साठीत असेल, असं त्यांनी 2004 मध्ये सांगितलं होतं. तो माणूस असलाच, तर आता ऐंशी ओलांडून गेला असेल. त्याचे गुडघे कसे आहेत, मोतीबिंदू काढला का, रात्री उठल्यावर भिंतीला हात लावत चालतो का, याची चौकशी तुमच्यापैकी कुणी केल्याचं ऐकिवात नाही. भविष्याची भाकितं करणारे संशोधक रे कुर्झवाइल यांचं वेळापत्रक तर तुमच्या भक्तांना तोंडपाठ आहे. 2029 मध्ये यंत्राला माणसाची बुद्धी येणार, 2045 मध्ये माणूस आणि यंत्र एकजीव होणार, आणि त्याआधीच एक वर्ष असं उजाडणार की त्या वर्षात विज्ञान तुमच्या शिल्लक आयुष्यात एका वर्षापेक्षा जास्त भर घालेल. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मरण एक पाऊल पुढे सरकेल आणि दीड पाऊल मागे ढकललं जाईल. ऐकायला छान वाटतं. कागदावर हे गणित चुकतही नाही, कारण त्यातला मुख्य आकडा, म्हणजे विज्ञान दर वर्षी किती भर घालणार, हा तुम्हीच घातलेला आहे.

याच काळातली एक गोष्ट तुम्ही मंचावर सांगत नाही, म्हणून मी सांगते. फ्रान्समधल्या आर्ल गावच्या झान कालमाँ 122 वर्षं 164 दिवस जगून 4 ऑगस्ट 1997 रोजी वारल्या. शंभरी उलटल्यावरही या बाई सिगारेट ओढत होत्या. त्यांच्यानंतर पाव शतकाहून जास्त काळ लोटला, जनुकांचा नकाशा पूर्ण झाला, पेशींना पुन्हा तरुण करण्याच्या शोधाला 2012 चं नोबेल मिळालं, यंत्रं निबंध लिहू लागली. तरीही खात्रीलायक नोंद असलेल्या दुसऱ्या एकाही माणसाला 120 वर्षांचा टप्पा गाठता आलेला नाही. तुमच्या सगळ्या क्रांतीनं माणसाच्या आयुष्याच्या कमाल मर्यादेत अजून एका दिवसाचीही भर घातलेली नाही.

आता रोगांकडे वळू. जेफ्री हिंटन हे कृत्रिम बुद्धिमत्तेतलं मोठं नाव, 2024 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी. 2016 मध्ये त्यांनी सांगितलं की रेडिऑलॉजिस्ट घडवणं आता थांबवा, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल. पाच वर्षं गेली, मग आणखी गेली. आज जगात अनेक ठिकाणी रेडिऑलॉजिस्ट मिळत नाहीत म्हणून एक्स-रे आणि स्कॅन अहवालाची वाट बघत पडून राहतात. आपण फार सरसकट बोललो, हे हिंटन यांनी नंतर कबूल केलं. हा मोठेपणा तुमच्यात दुर्मीळ आहे, म्हणून नोंदवून ठेवते. पण 2016 साली बारावीनंतर वैद्यकीय शाखेकडे निघालेल्या ज्या मुलांनी ते ऐकून तो विषय मनातून काढून टाकला असेल, त्यांच्यापर्यंत ही कबुली कोण पोचवणार? आणि तोच खेळ मोठ्या पटावर पुन्हा मांडला गेला आहे. त्याच क्षेत्रातले संशोधक डेमिस हसाबिस यांनी एप्रिल 2025 मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर सांगितलं की सगळ्या रोगांचा अंत कदाचित पुढच्या दशकभरात होऊ शकेल. सगळ्या रोगांचा! हसाबिस यांच्याबद्दल मला आदर आहे, का ते पुढे लिहिते. म्हणूनच त्यांनी या रांगेत उभं राहावं याचा राग येतो.

तारीख चुकली तर कुणाचं काय बिघडलं, आशा तर मिळाली ना, असं तुम्ही म्हणाल. काय बिघडतं ते दाखवते.

माझी आत्या एकोणऐंशी वर्षांची आहे, नाशिकला राहते. तिचा नातू कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला. पोरगा मनाचा चांगला आहे, आजीवर जीव आहे त्याचा. त्यानं फोनवर सांगितलं, “आजी, फक्त दहा वर्षं काढ. मग एआय म्हातारपणावर औषध शोधणारच आहे.” आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर कॅप्सूलच्या बाटल्या पाठवल्या. मी गेले तेव्हा आत्यानं औषधांचा स्टीलचा डबा उघडून दाखवला. वर सोनेरी झाकणाच्या बाटल्या. त्यांच्याखाली रक्तदाबाच्या गोळ्या, सुरीनं अर्ध्या करून वर्तमानपत्राच्या पुडीत बांधलेल्या. “अगं, या कॅप्सूल सगळंच करतात म्हणे. मग त्या गोळ्या अर्ध्या पुरतात.” रक्तदाब मोजला तर वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पलीकडे. डॉक्टरांनी गोळी पुन्हा अख्खी केली, बाटल्या कपाटात गेल्या. पण ती जे विचारत होती ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. “दहा वर्षं काढायची म्हणजे नक्की काय करायचं गं मी?”

महाशय, ही बाई रोज सकाळी दोन गल्ल्या ओलांडून मंदिरात जायची, येताना भाजी आणायची, शेजारच्या मुलीला पाढे शिकवायची. तुमची तारीख कानावर पडल्यापासून ती घराबाहेर पडायला बिचकते. पडले, हाड मोडलं, तर ती दहा वर्षं कशी निघणार? जे आयुष्य हातात होतं, ते तुम्ही तिला वाट बघण्यात घालवायला लावलंत.

त्या बाटलीवर घटकांच्या यादीत रेझवेराट्रॉल होतं. हे द्राक्षाच्या सालीत आणि लाल वाइनमध्ये सापडणारं रसायन. त्यावर आणि त्याच्यासारख्या रेणूंवर काम करणारी सर्ट्रिस ही कंपनी 2008 मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइननं तब्बल 72 कोटी डॉलरना विकत घेतली. तेव्हाही वार्धक्याचं कुलूप उघडल्याच्या बातम्या झाल्या होत्या. 2013 मध्ये ग्लॅक्सोनं ती कंपनी बंद केली. वार्धक्यावरचं औषध काही निघालं नाही. बाटल्यांची विक्री मात्र थांबली नाही. संशोधन फसतं, तो काही गुन्हा नाही, फसल्याशिवाय विज्ञान पुढे जात नाही. गुन्हा हा, की शोध लागल्याची बातमी तुम्ही दवंडी पिटून दिलीत आणि तो फसल्याची बातमी नाशिकपर्यंत आलीच नाही.

ययातीनं आपल्या धाकट्या मुलाचं, पुरूचं तारुण्य मागून घेतलं आणि अखेर परत केलं, ही गोष्ट आमच्याकडे घराघरात ठाऊक आहे. तुमच्यातले ब्रायन जॉन्सन म्हातारपण थोपवायला वर्षाला सुमारे 20 लाख डॉलर खर्च करतात, असं सांगितलं जातं. 2023 मध्ये त्यांनी आपल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या रक्तातला प्लाझ्मा स्वतःला टोचून घेतला. काही महिन्यांत त्यांनीच जाहीर केलं की काहीही फायदा दिसला नाही. तरुणांचा प्लाझ्मा म्हातारपणावर चालतो याला आधार नाही आणि त्यात धोका आहे, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं फेब्रुवारी 2019 मध्येच दिला होता. चार वर्षं आधी! वाचायला तेवढा वेळ पुरेसा होता.

आणि त्यांच्याबद्दल काय, ज्यांनी तुमच्या तारखेवर विसंबून स्वतःचा देहच ठेव म्हणून दिला? 12 जानेवारी 1967 रोजी जेम्स बेडफोर्ड या अमेरिकी प्राध्यापकाचा मृतदेह गोठवून ठेवला गेला. तो आजही ॲरिझोनात द्रवरूप नायट्रोजनमध्ये आहे. त्यानंतर कॅलिफोर्नियातल्या चॅट्सवर्थच्या दफनभूमीत तळघरात ठेवलेले देह पैसे संपल्यावर चक्क वितळू दिले गेले. 1979 मध्ये ते उघडकीला आलं, नातेवाईक कोर्टात गेले. त्या नातेवाइकांना आपलं माणूस दोनदा गमवावं लागलं.

एक गैरसमज होऊ नये. मरण असतं म्हणून जगण्याला अर्थ असतो, पिकलं पान गळणारच, असं प्रवचन देणाऱ्यांतली मी नाही. असं बोलणाऱ्यांचं स्वतःचं पान बहुधा हिरवं असतं. माझे वडील फुप्फुसांच्या आजारानं गेले. शेवटचे आठ महिने त्यांना जिना चढता येत नव्हता, त्या महिन्यांत मला काही अर्थबिर्थ दिसला नाही. त्यांना आणखी दहा वर्षं देणारं औषध कुणी शोधलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. आयुष्य वाढावं ही इच्छा रास्त आहे, ती जगातली सगळ्यात जुनी इच्छा आहे. म्हणूनच तिच्याशी खेळणाऱ्याची चीड येते.

तुमची दुसरी सवय आणखी वाईट. आशेच्या तारखा देणाऱ्या तोंडांनीच तुम्ही भीतीही वाटता. 30 मे 2023 रोजी एक निवेदन निघालं, अवघ्या एका वाक्याचं. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका टाळणं याला महासाथी आणि अणुयुद्धाइतकंच महत्त्व द्यावं, असा त्याचा आशय. सह्या करणाऱ्यांत हिंटन होते, हसाबिस होते, ओपनएआयचे सॅम ऑल्टमनही होते. आता सामान्य माणसानं याचा अर्थ काय लावायचा? जे यंत्र मला दीडशे वर्षं जगवणार, तेच सगळ्यांना मारणार, आणि ते बनवणं मात्र एक दिवसही थांबणार नाही. धोका खोटा आहे असं मी म्हणत नाही. हिंटन त्यासाठी गूगल सोडून बाहेर पडले, ते उगाच नव्हे. पण स्वर्ग आणि प्रलय यांच्यामध्ये लोकांना टांगून ठेवलं, की आज, आत्ता, यंत्रामुळे माणसाच्या आयुष्याचं काय होतंय, हे कुणी विचारत नाही. तुमच्या सोयीचंच आहे ते.

मी विचारते. 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. अमेरिकेतल्या रुग्णालयांमध्ये, कोणत्या रुग्णाकडे जास्त लक्ष द्यायला हवं हे ठरवायला एक संगणकी प्रणाली वापरली जात होती. आजार किती आहे हे थेट मोजणं अवघड, म्हणून तिला शिकवलं होतं की ज्याच्या उपचारावर जास्त खर्च होतो तो जास्त आजारी. कृष्णवर्णीय रुग्णांवर तिथे मुळातच कमी खर्च होतो, कारण त्यांना उपचार मिळणंच कठीण. यंत्रानं त्याचा अर्थ लावला की ते जास्त निरोगी आहेत! मधुमेहानं, रक्तदाबानं तितकेच जर्जर झालेले लोक मागच्या रांगेत ढकलले गेले. संशोधकांनी हिशेब करून दाखवलं की ही चूक काढून टाकली तर जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण 17.7 टक्क्यांवरून 46.5 टक्क्यांवर जातं. या यंत्राच्या मनात कुणाविषयी आकस नव्हता. त्याला मनच नव्हतं. गरिबीमुळे न झालेला खर्च त्यानं तब्येतीचा दाखला म्हणून वाचला, आणि अशी प्रणाली आमच्या विमा कंपन्यांनी नि सरकारी योजनांनी उचलली तर ती गडचिरोलीतल्या, धडगावातल्या माणसाला अगदी ठणठणीत ठरवेल, कारण त्याच्या नावावर दवाखान्याचं एकही बिल नसतं.

आणि नोव्हेंबर 2023 मधला मिनेसोटाचा खटला. युनायटेडहेल्थ या बड्या विमा कंपनीवर मृत वृद्धांच्या कुटुंबीयांनी आरोप केला की रुग्णालयातून सुटल्यावर म्हाताऱ्या माणसाला किती दिवस शुश्रूषा लागेल याचा अंदाज एका संगणकी प्रणालीकडून घेतला गेला आणि तेवढे दिवस भरताच, डॉक्टर नको म्हणत असतानाही, पैसे थांबवले गेले. कंपनीला आरोप मान्य नाही. निकाल न्यायालय देईल. पण तुमचं म्हातारपण संपवणारं यंत्र यायच्या आधी, म्हाताऱ्याचे दिवस मोजणारं यंत्र येऊन बसलंसुद्धा. मला भीती वाटते ती याची. ते बंड करेल म्हणून नाही. सांगितलेलं काम ते चोख करेल, आणि काम सांगणारा विम्याचा हप्ता घेणारा असेल.

आयुष्य खरोखर कशानं वाढतं, हे बघायला तुम्ही एकदा महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढे प्रश्न होता की खेड्यात बाळाला न्यूमोनिया झालाय हे ओळखायचं कसं. एका मिनिटात बाळ किती श्वास घेतं ते मोजलं की समजतं. पण आरोग्यदूत आणि सुईणी यांच्यातल्या कितीतरी जणींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग लाकडी चौकटीत मणी ओवून, शेजारी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ बसवून श्वास मोजायचं साधन बनवलं गेलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली तर न्यूमोनिया, औषध सुरू. अक्षरओळख नसलेली बाई कुडाच्या घरात, तान्ह्याच्या उघड्या छातीकडे टक लावून बसते, एका हातानं मणी ढकलते, आणि निदान करते. नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याच्या त्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं होतं. तिथल्या गावांमधला बालमृत्युदर हजारी 121 वरून 30 वर आला. पुढे हीच पद्धत देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात आली.

आयुष्य वाढवणं म्हणतात ते हे. वाचलेल्या एकेका बाळाला साठ-सत्तर वर्षं मिळाली. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं, आज ते सत्तरच्या घरात आहे. दुपटीहून जास्त, तेही लस, स्वच्छ पाणी, प्रतिजैविकं आणि मीठ-साखर-पाणी यांच्या जोरावर. आजही केरळात जन्मलेलं मूल छत्तीसगडमधल्या मुलापेक्षा सरासरी दहा वर्षं जास्त जगतं. ही दहा वर्षं कशी द्यायची ते माहीत आहे, त्यासाठी 2045 ची वाट बघायची गरज नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेनं काहीच दिलं नाही असं म्हटलं तर मी खोटारडी ठरेन. हसाबिस यांच्याबद्दल आदर आहे तो अल्फाफोल्ड या त्यांच्या प्रणालीमुळे. एका प्रथिनाची घडी कशी आहे हे शोधायला प्रयोगशाळेत वर्षं जायची, तिथे 2022 पर्यंत 20 कोटींहून जास्त प्रथिनांच्या घड्यांचे अंदाज जगाला फुकट खुले झाले. हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालेलं 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याचंच. मुंबईतच क्युअर डॉट एआय या कंपनीनं छातीचा एक्स-रे वाचून क्षयाचा संशय सांगणारी प्रणाली बनवली आणि अशा प्रणाली वापरायला जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये मान्यता दिली. जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत, वर्षाला तीन लाखांच्या आसपास माणसं या बरा होणाऱ्या रोगानं मरतात. जिथे रेडिऑलॉजिस्ट कधी पोचणार नाही तिथे हे यंत्र मिनिटभरात एक्स-रे वाचतं. याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. पण मिनिटभरात निदान झालेल्या माणसाला पुढे सहा महिने गोळ्या लागतात, आणि 2024 च्या सुरुवातीला देशात अनेक ठिकाणी त्याच गोळ्यांचा तुटवडा पडला होता. एक्स-रे वाचणारं यंत्र होतं, गोळी नव्हती. गोळी वेळेवर पोचवण्याची तारीख तुमच्यापैकी कुणी दिली नाही. त्यावर पॉडकास्टही होत नाही.

आता शेवटचा हिशेब, पैशांचा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी आमच्या कितीतरी घरांतल्या डब्यात असते, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये काही रुपयांना मिळते. तिच्यामुळे वार्धक्याबरोबर येणारे रोग लांबतात का, हे 65 ते 79 वयाच्या सुमारे तीन हजार माणसांवर सहा वर्षं तपासायची योजना न्यूयॉर्कचे डॉ. नीर बार्झिलाय आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं मांडत आहेत. चाचणीचं नाव ‘टेम’. कदाचित गोळी चालेल, कदाचित नाही चालणार, पण उत्तर पक्कं मिळेल आणि ते गरिबालाही परवडेल. ही चाचणी वर्षानुवर्षं अडली ती पैशांपायी. गोळीचं पेटंट केव्हाच संपलेलं, त्यामुळे नफा कुणालाच नाही, त्यामुळे रस कुणालाच नाही. पेशींना तरुण करायला निघालेली आल्टोस लॅब्स मात्र जानेवारी 2022 मध्ये 300 कोटी डॉलर घेऊन उभी राहिली. तुमच्या खिशातल्या त्या रकमेचे दोन-तीन टक्केही ‘टेम’ला मोठा हातभार ठरले असते.

तेव्हा मागणी साधी आहे. यापुढे मंचावर तारीख द्यायची असेल तर तिच्यासोबत तुमची मागची तारीख आणि तिचं काय झालं तेही सांगा, त्याच मंचावर, तेवढ्याच मोठ्या आवाजात. तुमच्या औषधाची किंमत नाशिकच्या पेन्शनमध्ये बसेल का ते आधी सांगा. आणि दीर्घायुष्याची इतकीच कळकळ असेल, तर त्या मेटफॉर्मिनच्या चाचणीचे पैसे याच वर्षी भरा. पावती छापून टाका, मी स्वतः आत्याला वाचून दाखवेन.

कळावे,
नाशिकच्या एकोणऐंशी वर्षांच्या बाईची भाची